धाकट्याची बालवाडी, थोरलीची शाळा

पालिकेच्या किंवा जिल्हा परिषदेच्या शाळेत पहिली-दुसरीच्या वर्गात कधी डोकावून पाहा. पटावर नाव नसलेली दोन-चार मुले तिथे हमखास दिसतील. वय तीन, साडेतीन. कुणी बहिणीला चिकटून बसलेले, कुणी तिच्या पायाशी झोपी गेलेले, कुणी तिचा खडू तोंडात घातलेले. ही मुले शाळेत आलेली नसतात, त्यांना आणलेले असते. आई सकाळीच चार घरची धुणीभांडी करायला गेली, बाप नाक्यावर गेला, घराला कुलूप लागले. मग धाकट्याला ठेवायचे कुठे? थोरल्या बहिणीच्या कडेवर. वर्गावरच्या बाई समजूतदार असतील तर त्या कानाडोळा करतात. कडक असतील तर म्हणतात, 'याला घरी सोडून ये आधी.' पोर त्याला घेऊन घरी जाते आणि त्या दिवशी परत येत नाही. आठवड्यातून दोन-तीनदा असे झाले की तिचा धडा मागे पडतो, पाढे मागे पडतात, आणि वर्षाच्या शेवटी तिच्या नावापुढे 'अनियमित' असा शेरा पडतो.

हा शेरा बहुतेक वेळा थोरलीच्याच नावापुढे पडतो, थोरल्याच्या नव्हे. भावाला कुणी म्हणत नाही की आज शाळा राहू दे, बाळाला सांभाळ. आपण सगळे सुधारलेले आहोत, घरात बाबासाहेबांची तसबीर आहे, मुलगा-मुलगी समान असे आपण सभेत बोलतो. पण अडचणीच्या दिवशी घरी कोण राहते, ते ज्याने त्याने आपल्या घरात पाहावे.

आपल्या वस्तीतल्या प्राथमिक शाळेत तीन ते सहा वर्षांच्या मुलांसाठी बालवाडी उघडावी, अशी मागणी हल्ली ठिकठिकाणी होते. ती ऐकून काही पालक म्हणतात, 'एवढ्या लहान पोरांना काय शिकवायचे? खेळू द्या की!' खेळू द्यायचे हे खरेच. पण ही मागणी फक्त लहान मुलांपुरती नाही. शाळेच्या आवारात धाकट्यासाठी एक खोली उघडली की त्याच आवारातल्या दुसऱ्या खोलीत थोरली निर्धास्त बसू शकते. एका दाराने दोन मुले शाळेत येतात.

ही काही माझ्या पदरची कल्पना नाही. १९८६ च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात हे स्पष्ट लिहिलेले आहे की, धाकट्या भावंडांना सांभाळण्यात अडकलेल्या मुलींना शाळेत येता यावे आणि गरीब वर्गातल्या कामकरी स्त्रियांना आधार मिळावा म्हणून मुलांना दिवसभर सांभाळणारी केंद्रे काढली जातील. धोरण लिहिणाऱ्यांना दुखणे नेमके कळले होते. औषध मात्र सगळ्या वस्त्यांपर्यंत पोहोचले नाही.

शंभरातली अठरा

१२ मार्च १९२७ रोजी मुंबई विधिमंडळात शिक्षणावरच्या अनुदानाची चर्चा चालू होती. बाबासाहेबांनी त्या वेळी जो हिशेब मांडला तो आजही अंगावर येतो. शाळेत दाखल होणाऱ्या दर १०० मुलांपैकी फक्त १८ मुले चौथीपर्यंत पोहोचतात, उरलेली ८२ पुन्हा निरक्षर होतात, असे त्यांनी सरकारला सुनावले. प्राथमिक शिक्षणाचा हेतूच त्यांनी असा सांगितला की, शाळेच्या दारातून आत आलेले मूल साक्षर होऊनच बाहेर पडावे आणि पुढे जन्मभर साक्षर राहावे. नुसते नाव दाखल झाले याला ते शिक्षण म्हणायला तयार नव्हते.

आज गळतीचे रूप बदलले आहे. आपली मुले चौथीपर्यंत जातात, पाचवीतही जातात. पण २०२४ च्या 'असर' पाहणीत ग्रामीण भारतातल्या पाचवीच्या मुलांपैकी निम्म्याहून थोड्या कमीच मुलांना दुसरीच्या पुस्तकातला उतारा वाचता आला. म्हणजे मूल वर्गात बसलेले आहे, पण वर्ग त्याच्या डोक्यावरून चालला आहे. आणि ही मागे पडण्याची सुरुवात पाचवीत होत नाही, पहिलीच्या पहिल्या महिन्यातच होते. ज्या घरात पुस्तके आहेत, आई रात्री गोष्ट वाचून दाखवते, त्या घरचे मूल पहिलीत येताना हजारो शब्द आणि पुस्तक सुलटे कसे धरायचे याचे ज्ञान घेऊन येते. आपल्या घरचे मूल हुशारीत कमी नसते, पण त्याची आणि पुस्तकाची गाठ पहिल्यांदा वर्गातच पडते. जूनमध्ये दोघांना एका रांगेत बसवून एकाच फळ्याकडे पाहायला सांगतात. मग दिवाळीपर्यंत बाई ठरवून मोकळ्या होतात की कोण 'हुशार' आणि कोण 'ढ'.

इथे कायद्याची एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. घटनेच्या ४५ व्या कलमात मुळात असे म्हटले होते की, दहा वर्षांच्या आत राज्याने सर्व मुलांना ती चौदा वर्षांची होईपर्यंत मोफत आणि सक्तीचे शिक्षण देण्याचा प्रयत्न करावा. त्यात 'सहा वर्षांपासून' असे कुठेही नव्हते. घटना समितीत कुणी ही वयोमर्यादा अकरावर आणू पाहत होते. तेव्हा चौदा वर्षांखालच्या मुलाला कामावर ठेवायला आपण बंदी घालतो आहोत, तर त्या वयापर्यंत ते शाळेतच असले पाहिजे, असे उत्तर बाबासाहेबांनी नोव्हेंबर १९४८ मध्ये दिले. पुढे २००२ साली ८६ वी घटनादुरुस्ती झाली आणि शिक्षण मूलभूत हक्क झाले, पण सहा ते चौदा या वयापुरतेच. सहाच्या आतली मुले मार्गदर्शक तत्त्वांत राहिली. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या ११ व्या कलमात तीन ते सहा वयाच्या मुलांसाठी शासन मोफत पूर्वप्राथमिक शिक्षणाची व्यवस्था 'करू शकेल' असे आहे, 'करील' असे नाही. एका क्रियापदाच्या फरकाने केवढी मुले दाराबाहेर राहतात!

बोर्डीच्या अंगणात

शाळेला बालवाडी जोडण्याचा विचार आपल्या महाराष्ट्रात नवा नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी तो पाऊणशे वर्षांपूर्वी करून पाहिला. ताराबाईंनी गिजुभाई बधेका यांच्याबरोबर भावनगरला बालशिक्षणाचे काम केले होते आणि १९२६ साली नूतन बालशिक्षण संघ स्थापन झाला होता. त्या काळी बालमंदिर म्हणजे शहरातल्या सुखवस्तू घरांची गोष्ट. महागडी लाकडी साधने, स्वच्छ कपड्यांतली मुले. हे सारे खेड्यातल्या गरिबापर्यंत कसे न्यायचे, या विचाराने १९४५ साली ताराबाई त्या वेळच्या ठाणे जिल्ह्यातल्या, आता पालघर जिल्ह्यात असलेल्या बोर्डी गावी गेल्या. त्यांच्या हाताशी अनुताई आल्या. अनुताई स्वतः बालविधवा. तेराव्या वर्षी लग्न आणि सहा महिन्यांच्या आत वैधव्य. शिक्षणाने त्या उभ्या राहिल्या होत्या.

बोर्डीत बालवाडी उघडली, पण ज्यांच्यासाठी उघडली ती मुले येईनात. दलित वस्तीतल्या आणि मजुरांच्या मुलांचे आईबाप पहाटे कामाला जाणार. मुलाला आंघोळ घालून, कपडे चढवून गावातल्या बालवाडीत पोहोचवणार कोण? आणि गावातल्या त्या जागेत आपल्या मुलाला कसे वागवतील, ही धास्ती वेगळीच. तेव्हा मूल बालवाडीकडे येत नसेल तर बालवाडी मुलाकडे नेऊ, असे या दोघींनी ठरवले. त्या काळी ज्याला हरिजनवाडा म्हणत (हा शब्द आपण केव्हाच झुगारला आहे) तिथल्या अंगणात सतरंजी पसरली. मुलांना आंघोळ घालण्यापासून, नखे कापण्यापासून सुरुवात झाली. शिकवण्याची साधने म्हणजे शिंपले, खडे, बिया, पाने आणि माती. अंगणात भरते म्हणून ती अंगणवाडी. २ ऑक्टोबर १९७५ रोजी सरकारने देशभरातल्या ३३ प्रकल्पांत एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू केली तेव्हा हेच नाव सरकारी झाले. आज खेडोपाडी पाटीवर दिसणारा शब्द एका दलित वस्तीच्या अंगणातून आला आहे, हे आपल्या मुलांना सांगण्यासारखे आहे.

पण याहून महत्त्वाचे पाऊल पुढे पडले. काम १९५७ च्या सुमारास जवळच्या कोसबाडच्या टेकडीवर, वारली आदिवासींमध्ये गेले. तिथे पुन्हा तेच दिसले. प्राथमिक शाळेत मुले टिकत नव्हती, कारण मोठ्यांच्या गळ्यात लहान भावंडे आणि हातात गुरांची दोरी. ताराबाईंनी यावर 'विकासवाडी' काढली. एकाच आवारात तान्ह्यांसाठी पाळणाघर, मधल्यांसाठी बालवाडी आणि मोठ्यांसाठी प्राथमिक शाळा. घरातली तिन्ही भावंडे सकाळी एकत्र निघायची आणि एकत्र परतायची. गुराख्यांसाठी तर शिक्षक कुरणातच जात, तिला कुरणशाळा म्हणत. मुलांनी शाळेच्या सोयीने वागावे असा हट्ट नाही, शाळेने मुलांच्या जगण्याकडे पाहून आपली घडी बसवायची, असे ते काम होते. ताराबाईंना १९६२ साली पद्मभूषण मिळाले. मानसन्मान झाला, पण आज किती शाळांच्या आवारात असे पाळणाघर आहे?

पेरी शाळेची गोष्ट

आता जरा दूरची, पण आपल्याला जवळची वाटेल अशी एक हकिगत सांगते. अमेरिकेत मिशिगन राज्यात यप्सिलँटी नावाचे छोटे शहर आहे. तिथल्या काळ्या वस्तीत पेरी नावाची प्राथमिक शाळा होती. शहरातल्या शाळांच्या विशेष सेवांचे प्रमुख डेव्हिड वायकार्ट यांच्या लक्षात आले की, या वस्तीतली मुले वर्गामागून वर्ग नापास होताहेत, त्यांना मंदबुद्धी ठरवून वेगळ्या वर्गात घातले जाते आहे. मुलांतच दोष आहे असे बाकीचे धरून चालले होते. आपल्याकडे 'यांच्या रक्तातच नाही' म्हणणारे गुरुजी ज्यांनी पाहिले आहेत त्यांना हे वेगळे समजावून सांगायला नको.

वायकार्ट यांनी १९६२ साली त्या पेरी शाळेतच तीन आणि चार वर्षांच्या मुलांसाठी बालवर्ग उघडला. तो १९६७ पर्यंत चालला. गरीब काळ्या कुटुंबांतली १२३ मुले निवडली, बुद्धिमापन चाचणीत खालचे गुण मिळालेली. चिठ्ठ्या टाकाव्यात तशी त्यांची विभागणी केली. ५८ मुलांना बालवर्गात घेतले, ६५ मुले नेहमीप्रमाणे घरीच राहिली. रोज सकाळी अडीच तास वर्ग. मुलांनी आधी ठरवायचे की आज काय करणार, मग ते करायचे, मग काय केले ते सांगायचे. आठवड्यातून एकदा बाई मुलाच्या घरी जात आणि आईबरोबर दीड तास बसत. एका शिक्षिकेमागे मुले किती? पाच-सहा.

पुढे या सगळ्या मुलांचा माग ती चाळीस वर्षांची होईपर्यंत ठेवला गेला. सुरुवातीला बालवर्गातल्या मुलांचे बुद्ध्यंक वाढले, पण दोन-चार वर्षांत हा फरक पुसला गेला. विरोधकांनी म्हटले, पाहा, पैसे वाया गेले. पण मुले मोठी होत गेली तशी वेगळीच गोष्ट दिसू लागली. बालवर्गातल्या मुलांपैकी शेकडा ७७ जणांनी शालान्त शिक्षण पुरे केले, दुसऱ्या गटात ६० जणांनी. मुलींमधला फरक तर डोळे उघडणारा आहे. बालवर्गात गेलेल्या मुलींपैकी शेकडा ८८ शालान्त झाल्या, न गेलेल्यांपैकी ४६. चाळिशीत नोकरी असणारे पहिल्या गटात ७६ टक्के, दुसऱ्यात ६२. पोलिसांच्या तावडीत वारंवार सापडलेलेही पहिल्या गटात कमी.

अडीच तासांच्या खेळाने चाळीस वर्षे पुरेल असे काय दिले असेल? अभ्यासकांनी त्याची अनेक उत्तरे दिली. मला त्यातले एकच पटते. त्या मुलांना पहिलीत जाण्यापूर्वीच कुणीतरी विचारले होते, 'तू आज काय करणार?' आणि त्यांचे उत्तर ऐकून घेतले होते. अशा मुलाला शाळा परकी वाटत नाही. मात्र एक सावधगिरी हवी. हा प्रयोग लहान होता, शिक्षिका पूर्ण प्रशिक्षित होत्या आणि त्यांना शाळेतल्या इतर शिक्षकांसारखाच मान आणि मोबदला होता. साठ मुले एका खोलीत कोंडून, हातात छडी घेतलेल्या एका बाईच्या हवाली केली आणि बाहेर 'बालवाडी' अशी पाटी लावली, तर पेरी शाळेचे फळ मिळणार नाही.

त्या खोलीत करायचे काय?

आपल्या बालवाडीत काय व्हावे, याबद्दल पालकांची अपेक्षा बहुतेक एकच असते. पोराने वर्षभरात ए बी सी डी म्हणावी, शंभरपर्यंत आकडे लिहावेत आणि पाहुण्यांसमोर इंग्रजी कविता म्हणून दाखवावी. अपेक्षा समजण्यासारखी आहे. ज्यांना शिक्षण नाकारले गेले त्यांना शिकल्याचा पुरावा लवकर हवासा वाटतो. पण तीन वर्षांच्या मुलाच्या बोटांत पेन्सिल धरण्याचे बळ आलेले नसते. ते बळ माती मळून, मणी ओवून, चिंचोके निवडून, कागद फाडून, पाणी एका भांड्यातून दुसऱ्यात ओतून येते. ज्या मुलाने मातीच्या भाकऱ्या थापल्या आहेत त्याला पुढे 'क' गिरवताना त्रास होत नाही. दहा खडे मोजून ओळीत मांडणारे मूल दहाचा अर्थ जाणते. दहापर्यंत पाठ म्हणणाऱ्याला तो कळला असेलच असे नाही.

सगळ्यात मोठी गोष्ट बोलण्याची. आपल्या मुलांची बोली घरची असते. 'व्हय', 'न्हाय', 'म्या', 'तिकडं' असे ते बोलते. पहिलीत त्याने तोंड उघडले आणि वर्ग हसला, की ते मूल पुढची दोन वर्षे गप्प बसते. त्या गप्प बसण्याला शाळा मंदपणा म्हणते. बालवाडीची ताई वस्तीतलीच असेल तर ती हसणार नाही. ती त्याच बोलीत गोष्ट सांगेल, त्याच बोलीत उत्तर घेईल, आणि हळूहळू पुस्तकातला शब्द त्याच्या शेजारी ठेवील. भाकर म्हणणाऱ्या मुलाला भाकरी हा शब्दही येईल आणि भाकर म्हटल्याची लाजही वाटणार नाही. १९९५ च्या सुमारास मुंबईत 'प्रथम' संस्थेने झोपडपट्ट्यांतून बालवाड्या सुरू केल्या. तेव्हा जागा मिळेल तिथे, कुणाच्या घरात, मंडळाच्या खोलीत वर्ग भरवले आणि शिकवायला वस्तीतल्याच मुली घेतल्या. खर्च कमी, हे एक कारण होतेच. पण ओळखीच्या ताईकडे मूल रडत नाही, हे आयांना आधीपासून ठाऊक होते.

आणि हो, सतरंजी एकच हवी. बाबासाहेब शाळेत बसायला घरून गोणपाट नेत आणि संध्याकाळी ते परत घेऊन जात. तो काळ गेला असे आपण म्हणतो. पण काही गावांत आजही खाऊ कुणी शिजवला यावरून कुजबुज होते, आणि आपल्या वस्तीची मुले दाराशी बसलेली दिसतात. तीन वर्षांच्या मुलाला जात कळत नाही. कोण कुठे बसते ते मात्र बरोबर कळते. बालवाडी शाळेच्या आवारात, सर्वांच्या डोळ्यांसमोर असावी, असे मी म्हणते त्याला हेही कारण आहे. गावाच्या दुसऱ्या टोकाला, देवळाच्या ओवरीत भरणाऱ्या वर्गात आपली आई मुलाला सोडायला निःशंकपणे जाईलच असे नाही. शाळा मात्र सगळ्यांची.

इंग्रजी पाट्या आणि ओस पडणारे वर्ग

आज वस्तीच्या तोंडाशी एखाद्या गाळ्यात रंगीत पाटी लागते. मिकी माऊसचे चित्र, खाली 'मॉन्टेसरी' असे लिहिलेले. फी महिन्याला शेकड्यांत, कधी हजारांत. गणवेश आणि पुस्तके वेगळी. आई एक घरकाम जास्त धरते, पण फी भरते. तिला कोण नावे ठेवणार? फक्त एक गंमत सांगावीशी वाटते. मारिया मॉन्टेसरी यांनी आपले पहिले बालगृह ६ जानेवारी १९०७ रोजी रोममध्ये सान लोरेंझो नावाच्या कामगार वस्तीत उघडले. आईबाप दिवसभर कामाला जात आणि मागे राहिलेली मुले जिन्यांत धुडगूस घालून भिंती खराब करीत, म्हणून इमारतवाल्यांनीच त्या मुलांसाठी खोली दिली होती. कष्टकऱ्यांच्या चाळीतल्या त्या पोरांकडे पाहून जी पद्धत जन्मली, तीच आज कष्टकऱ्याला फी भरून विकत घ्यावी लागते.

या खासगी वर्गांचा परिणाम शाळेवरही होतो. मूल तीन वर्षांचे असताना तिकडे गेले की सहाव्या वर्षी ते परत येत नाही. पालिकेच्या आणि जिल्हा परिषदेच्या शाळेला मूल दिसते तेव्हा ते दुसऱ्याच्या पटावर असते. पट घटतो, तुकडी बंद होते, शिक्षक कमी होतात. २०२३ मध्ये वीसपेक्षा कमी पट असलेल्या शाळा एकत्र करून समूहशाळा करण्याचे प्रस्ताव राज्याच्या शिक्षण खात्याने मागवले, तेव्हा ज्यांच्या वस्तीची शाळा चार किलोमीटर लांब जाणार होती त्यांच्या पोटात गोळा आला. शाळा लांब गेली की कोणाची शाळा सुटते, हे वर सांगितलेच आहे. शाळेच्या आवारात बालवाडी असली तर तिथली मुले आपोआप त्याच शाळेच्या पहिलीत चढतात. म्हणजे मुख्याध्यापकांनी खरे तर आपण होऊन आपल्याकडे आले पाहिजे! काही ठिकाणी ते येतातही. काही ठिकाणी मात्र 'खोली नाही' असे उत्तर मिळते, आणि मोडक्या बाकांनी भरलेल्या खोलीला कुलूप असते.

मागायचे कुणाकडे?

आता मुद्द्याचे. शिक्षण हक्क कायद्याने शासकीय, पालिकेच्या, जिल्हा परिषदेच्या शाळांत शाळा व्यवस्थापन समिती सक्तीची केली आहे. तिच्यात तीन-चतुर्थांश सदस्य पालक असले पाहिजेत, निम्म्या स्त्रिया असल्या पाहिजेत आणि वंचित व दुर्बल घटकांतल्या पालकांना त्यांच्या प्रमाणात जागा मिळाली पाहिजे. शाळेचा विकास आराखडा तयार करणे हे याच समितीचे काम. तेव्हा बालवाडीची मागणी तोंडी करू नये, ती आराखड्यात लिहून घ्यावी. समितीवर आपली एखादी बाई नावापुरती असेल आणि सह्या तिच्या घरी पाठवून घेतल्या जात असतील, तर आधी ते थांबवले पाहिजे. महिला मंडळाने तिच्याबरोबर बैठकीला जावे.

पैसा नाही, ही सबब आता पूर्वीइतकी चालत नाही. २०१८ पासूनच्या समग्र शिक्षा योजनेत पूर्वप्राथमिक वर्ग शाळेचाच भाग धरला आहे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने तीन ते आठ हा वयाचा एकच पायाभूत टप्पा मानला आणि प्राथमिक शाळेच्या आवारातल्या अंगणवाडीचा व बालवर्गाचा उल्लेख नावानिशी केला. २०२१ पासून शाळेतल्या दुपारच्या जेवणाच्या योजनेत बालवाटिकेतली मुलेही धरली आहेत. धोरण चांगले की वाईट यावर पुष्कळ वाद आहेत, ते बाजूला ठेवू. त्यात लिहिलेले आपल्या उपयोगाचे वाक्य तरी वापरू.

वेळेचे मात्र भांडून घ्यावे लागेल. बालवाडी दोन-तीन तासांत सुटली आणि थोरलीची शाळा पाच वाजेपर्यंत असली तर सगळे मुसळ केरात. कुलूप लावलेल्या घरी ते पोर जाणार कुठे? निदान शाळा सुटेपर्यंत बालवाडी उघडी असली पाहिजे, दुपारी मुलांना झोपायला जागा हवी, मदतनीस हवी. १९४८ च्या कारखाना कायद्याने पन्नासहून अधिक बायका कामाला असतील तर पाळणाघर सक्तीचे केले होते, १९७६ च्या दुरुस्तीने ती संख्या तीसवर आणली. पण दहा घरी धुणे धुणाऱ्या बाईचा मालक दहा ठिकाणी वाटलेला. तिला पाळणाघर कोण देणार? तिच्यासाठी शाळा हीच जागा उरते.

आणि ताईला पगार हवा. समाजसेवा म्हणून, वस्तीची मुलगी आहे म्हणून, तिला चार पैशांवर राबवून घ्यायचे आणि वर तिच्याकडून पेरी शाळेची अपेक्षा करायची, हे चालणार नाही. अंगणवाडी सेविकांना ग्रॅच्युइटीचा हक्क आहे हे सांगायला सर्वोच्च न्यायालयापर्यंत जावे लागले, तो निकाल २०२२ साली आला. आपल्याच वस्तीतल्या ताईच्या बाबतीत तशी पाळी आणू नये.

शाळेत खोली मिळण्याची चिन्हे नसतील आणि वस्तीत अंगणवाडीही नसेल, तर दुसरा रस्ता आहे. १३ डिसेंबर २००६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने आदेश दिला की, सहा वर्षांखालची किमान ४० मुले असलेल्या ग्रामीण किंवा झोपडपट्टीतल्या वस्तीने मागणी केली तर तीन महिन्यांच्या आत तिथे अंगणवाडी मिळाली पाहिजे. आणि नव्या अंगणवाड्या उघडताना अनुसूचित जाती-जमातींच्या वस्त्यांना अग्रक्रम द्यावा. तेव्हा एखाद्या रविवारी विहारात जमावे, घरोघर जाऊन सहा वर्षांखालच्या मुलांची नावे, जन्मतारखा आणि आयांची नावे कागदावर उतरवावीत. अंगठा असेल तर अंगठा, सही असेल तर सही. थोरल्या मुलींकडूनच ही यादी लिहून घ्यावी, त्यांना वस्तीतले प्रत्येक पोर नावानिशी ठाऊक असते. अर्ज बालविकास प्रकल्प अधिकाऱ्यांच्या कार्यालयात द्यावा, एक प्रत मुख्याध्यापकांना द्यावी आणि आपल्या प्रतीवर पोच घेतल्याशिवाय उठू नये. पोचेवर शिक्का, आवक क्रमांक आणि तारीख नीट वाचता येईल अशी हवी, कारण तीन महिने त्या तारखेपासून मोजायचे आहेत.